संघात वन्सं नाहीत

"आई, वहिनीनं तुला विषारी केलंय."

दाराच्या चौकटीला टेकून नीलेशनं ही बातमी दिली तेव्हा मी ओट्याशी उभी राहून कुकर होण्याची वाट बघत होते. माझ्या हातातला गेम त्यानं नुकताच हिसकावून नेला होता. नीलेश माझा धाकटा दीर. कॉलेजात नाव घातलेलं, पण राहायचा गणपती मंडळात. सासूबाई खाली बसून कापसाची वस्त्रं करत होत्या, गणपती तोंडावर आले होते. त्यांनी हात न थांबवता विचारलं, कुणाला काय केलं म्हणून. मग नीलेशनं त्या गेमचा पडदा त्यांच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक जांभळी, काटेरी वेल फणा काढून डुलत होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'आई'.

कुकरनं शिट्टी दिली. मला वाटलं, माझ्याच नावानं दिली.

आता त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण तेव्हा मी बार्शीच्या त्या घरात अगदी नवी होते. इतकी नवी की मला नावच 'नवी' पडलं होतं. नवीला हाक मार, नवीला चहा टाकायला सांग, नवीला विचार मीठ किती घातलं. मिरजेहून येताना साड्यांच्या घडीत लपवून मी एकच माझी म्हणावी अशी गोष्ट आणली होती, भावानं दिलेला तो हातातला गेम. 'मॉन्स्टर मैदान' त्याचं नाव. रानावनात हिंडायचं, राक्षस पकडायचे, त्यांना शिकवायचं आणि सहा जणांचा संघ करून दुसऱ्याच्या संघाशी झुंजवायचं. त्यात सगळी गंमत संघ बांधण्याची. आग वेलीला जाळते, वेल पाण्याला पिऊन टाकते, पाणी आगीला विझवतं. सगळे दांडगे घेतले तर कुणीतरी एकच येऊन सगळ्यांना लोळवून जातो. मारणारा हवा, मार खाणारा हवा, औषधपाणी बघणारा हवा, आणि असा एक हवा की जो गप्प बसून समोरच्याचा जीव पोखरेल.

नावं आपण द्यायची. मला लहानपणापासून सवय, ज्याच्यासारखा दिसला त्याचं नाव. सासरे आण्णा म्हणजे दगडी कासव. दिवसभर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसणार, घरात कितीही भांडणं होवोत, पान उलटण्यापलीकडे हालचाल नाही. नीलेश म्हणजे विजेची खार. पळण्यात पुढे, दमण्यातही पुढे. शेजारच्याच घरात राहणाऱ्या चुलत सासूबाई, म्हणजे काकी, यांच्या डोळ्यांना कधीही धार लागायची, म्हणून त्या पाण्याचा घडा. मी स्वतः आगीची कोंबडी, नाव 'नवी'. आणि माझे यजमान. ते या संघाचे वैद्य. जखमी झालेल्यांना फुंकर घालणार, पण स्वतः कुणावर हात उचलणार नाहीत, कुणाची बाजू घेणार नाहीत. त्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. एकदा चुकून घेतलं तर काकींनी तोंडावर पदर घेतला होता. म्हणून त्या राक्षसाचं नाव मी 'अहो' टाकलं होतं.

तो सबंध दिवस सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून आल्या आणि माझ्याजवळ पाट ओढून बसल्या.

"ती विषारी चालते तरी का काही?"

मी दाखवलं. एक भलामोठा सांड समोर आला होता. वेलीनं त्याला नुसता स्पर्श केला आणि बाजूला होऊन बसली. सांड आपला उड्या मारत राहिला, पण दर डावाला खंगत गेला आणि शेवटी आपणहून आडवा झाला. सासूबाई बारकाईनं बघत होत्या. सकाळी एक वाक्य बोलून ठेवावं आणि दिवेलागणीपर्यंत त्याचा परिणाम होत राहावा, ही कला त्यांचीच होती.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सांडाशी पुन्हा मलाच लढव म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या वर्षी आमच्या गल्लीच्या मंडळानं संगीत खुर्चीला फाटा देऊन मांडवातल्या मोठ्या पडद्यावर 'मॉन्स्टर मैदान'ची स्पर्धा ठेवली होती, आणि नीलेशनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. नियम कडक होते. प्रत्येक राक्षसाला नाव हवंच, आणि एकदा पडला की तो स्पर्धेतून बाद, दुसऱ्या दिवशीही उठायचा नाही. पहिली फेरी गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, अंतिम सामना गौरी येतील त्या संध्याकाळी. मध्ये एकच राक्षस बदलायची मुभा.

घरात संघाची बैठक बसली. मी म्हणाले, खारीला पहिली उतरवू, ती झटपट आहे. यावर आण्णांनी लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघत वर्तमानपत्र खाली ठेवलं. कर्ता पुरुष घरात असताना नीलेश पुढे जाणार, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. काकींनी विचारलं की त्यांचा नंबर सासूबाईंच्या आधी की नंतर. सासूबाईंनी कुणी न विचारता सांगितलं की नंतर. हे म्हणाले, ज्याला जसं सोयीचं. मी डोकं आपटून घेणार होते, पण आण्णांचं कासव पहिलं उतरलं आणि चमत्कार झाला. समोरच्यांनी त्याला इतकं बदडलं की तेच दमले. मग वेलीनं स्पर्श केला, 'अहों'नी फुंकर घातली, आगीच्या कोंबडीनं उरलेले भाजले. पहिली फेरी आम्ही कुणालाही न गमावता जिंकली. माईकवर निवेदक ओरडत होता, "आता मैदानात येत आहेत, अहो!" आणि मांडवातल्या सगळ्या बायका हसून आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्डुवाडीहून फोन आला. कल्याणी वन्संचा.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, यांच्याहून मोठी. त्यांचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण सगळं घर त्याच एका गोष्टीवर अडून बसलं होतं. आमच्या लग्नात त्या थोरली करवली. करवलीची साडी द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या मावशीला गर्दीत काही कळेना. दिवा धरून उभी असलेली काकींची लेक दिसली आणि मावशीनं ती साडी तिच्या ओटीत घातली. वन्सं मागेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. जेवल्या नाहीत, वरातीत आल्या नाहीत, आणि त्यानंतर माहेरची पायरी चढल्या नाहीत. संक्रांत गेली, पंचमी गेली. सासूबाई मला कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत, पण फोन ठेवला की माझ्याकडे जे बघायच्या, ते मला रात्रभर पुरायचं. आता गौरी यायच्या होत्या. लेकीबाळी माहेरी येतात म्हणून तर गौरी येतात. दर वर्षी गौरीला साडी नेसवायच्या वन्संच. या वर्षी सासूबाईंनी मुखवटे उजळून ठेवले होते आणि ती साडी मात्र घडीतच होती.

फोनवर बोलून सासूबाई आल्या त्या चेहरा पाडूनच. पहिल्या फेरीचा व्हिडिओ नीलेशनं सगळ्या गावाला पाठवला होता, तो कुर्डुवाडीला पोचला होता. वन्संचं म्हणणं एवढंच होतं: आण्णा आहेत, आई आहे, नीलेश आहे, काकीसुद्धा आहे. मी नाही.

"काकीसुद्धा," सासूबाईंनी पुन्हा म्हणून दाखवलं, त्याच सुरात.

वन्संना संघात घ्यायचा विचार माझ्या मनात कधीच आला होता आणि मीच तो घाबरून टाकून दिला होता. त्यांच्या नावाचा राक्षस भर मांडवात पडला असता तर? निवेदकानं माईकवरून सांगितलं असतं, वन्सं पडल्या, वन्सं बाद. म्हणून मी त्यांना सुरक्षित बाहेर ठेवलं. आणि मावशीनं लग्नात केलं तेच मी गणपतीत करून बसले.

म्हणजे वन्संना घ्यायचं हे ठरलं. पण काढायचं कुणाला? पुन्हा बैठक. आण्णांना काढायचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंना काढा असं म्हणायला कुणाची जीभ उचलेना. काकींनी ऐकूनच पदर डोळ्यांना लावला, म्हणजे एक रुसवा काढायला जाऊन दुसरा पदरात. नीलेश म्हणाला, माझ्यामुळं स्पर्धेत नाव लागलंय. हे म्हणाले, मला काढा हवं तर. पण सासूबाई म्हणाल्या, पोराला काय म्हणून, आणि शिवाय औषधपाण्याचं कोण बघेल. सगळे माझ्याकडे बघत होते, संघ मी बांधलाय ना, मग मार्गही मीच काढायचा.

मी म्हणाले, माझी कोंबडी काढते.

बरं झालं, असं सगळे एकदम म्हणाले आणि चहाला लागले. नीलेश तेवढा कुजबुजला, वहिनी, आग गेली तर वेलींना कोण जाळणार? मी म्हणाले, बघू. वाईट वाटलं का? वाटलं की. ती कोंबडी मी अंड्यापासून वाढवली होती.

वन्संसाठी मी जो राक्षस काढला तो माझ्याकडे बरेच दिवस पडून होता. अंग फुगवून, मान वळवून बसणारा एक पक्षी. त्याची तऱ्हाच वेगळी. बाकीचे लढत असताना तो जितका वेळ बाहेर बसून राहील तितका त्याच्यात राग साठत जातो, आणि मैदानात उतरला की सगळा एकदम काढतो. पहिल्यांदा उतरवला तर मात्र चिमटाही काढत नाही. म्हणजे त्याला शेवटपर्यंत राखून ठेवायचा. मी नाव लिहिलं 'वन्सं' आणि सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "हे तिला कोण सांगणार?"

तोच तर घोळ होता. वन्संना शेवटी उतरवलं तर मान गेला. का शेवटी उतरवलं ते सांगावं, तर तुझ्यासारखा रुसका पक्षी बघून तुझं नाव दिलं, असं सांगायला लागणार. आधी उतरवलं तर पक्षी पडणार आणि वन्सं भर मांडवात बाद. आण्णा म्हणाले, कुणीच काही सांगू नका. त्यांचा सगळ्या प्रश्नांवर हाच उपाय असायचा, आणि आम्ही तोच धरला.

गौरी दुपारी आल्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं मी काढली, साडी सासूबाईंनीच नेसवली. संध्याकाळी मांडवात पोचलो तर पुढच्या रांगेत वन्सं बसलेल्या. पैठणी, नथ, मांडीवर पर्स. मी फक्त मांडवात आलेय, घरी येणार नाही, सामना झाला की शेवटच्या एसटीनं परत, असं त्यांनी आईला आधीच सांगून टाकलं होतं. सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मी व्यासपीठावर चढले. स्पर्धेचं मला काही वाटत नव्हतं. ती बाई आज उंबरा ओलांडते की नाही, एवढंच डोक्यात होतं.

समोर वरच्या गल्लीतला ओंकार शेटे. इंजिनीअरिंगचा, चष्मेवाला, शांत. त्यानं संघ हिशोबानं बांधला होता, आणि त्यात एक भलाथोरला निवडुंग होता. माझ्याकडे आग असती तर त्याची राख केली असती.

आण्णा पहिले उतरले. मानाप्रमाणे. त्यांनी खूप मार खाल्ला, एकाला दमवून पाडलं आणि मग पडले. खाली बसलेले खरे आण्णा शेजाऱ्याला म्हणाले, बराच टिकलो. मग नीलेशच्या खारीनं एकाला झटका देऊन आडवा केला आणि दुसऱ्याच्या फटक्यात गेली. मी चोरून खाली बघितलं. वन्संची पाठ ताठ झाली होती. मग काकी उतरल्या, त्यांनी एकाला बुडवलं, आणि तेवढ्यात निवडुंग आला. पाणी आणि निवडुंग. त्यानं काकींना घोटाघोटानं पिऊन टाकलं. खऱ्या काकींच्या डोळ्यांत लगेच पाणी.

आता माझ्याकडे तिघं उरले होते. निवेदक म्हणाला, आता कोण, आणि मी 'अहों'ना उतरवलं. पाठोपाठ उतरणाऱ्या 'आई'ला त्यांनी फुंकर घालून बळ दिलं आणि कुणालाही न दुखावता पडले. मांडव हसला. त्या हशात वन्सं उठल्या. त्यांचं बोलणं मला व्यासपीठावर ऐकू आलं.

"काकी जाऊन आली, औषधवाला जाऊन आला. मी खुर्ची उबवायला आलेय का इथं?"

सासूबाईंनी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला आणि खुर्च्यांच्या मधून चालायला लागल्या. हातातला गेम खाली ठेवून त्यांच्यामागे धावावं असं मला वाटलं. पण काय सांगणार होते? मी 'आई'ला उतरवलं.

वेलीनं निवडुंगाला स्पर्श केला. निवडुंगानं तिला काट्यांनी झोडपायला सुरुवात केली. ती बसून राहिली, तो खंगत राहिला. तो अर्धा झाला आणि वेल कोसळली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'आई पडली'. निवेदकानंही ते वाचून दाखवलं, मूर्खानं, अगदी आवाज काढून.

वन्सं मांडवाच्या कमानीपाशी पोचल्या होत्या. त्या थांबल्या, मागे वळल्या. पडद्याकडे बघितलं, मग पुढच्या रांगेत एकटीच बसलेल्या आपल्या आईकडे. वन्संनी पर्स काखेत मारली आणि सरळ व्यासपीठाशी आल्या.

"कोण उरलंय आता?"

"तुम्हीच, वन्सं."

"मग बघत काय बसलीस? उतरव मला."

मी उतरवलं. पक्षी मैदानात आला तो आधीच्या दुप्पट फुगलेला. त्यानं एकदा समोर बघितलं आणि लग्नापासून साठलेला म्हणावा असा सगळा राग काढला. निवडुंगाची काडी उरली नाही. ओंकारनं आपले शेवटचे दोघं एकापाठोपाठ एक पाठवले, तेही पाचोळ्यासारखे गेले. त्या बिचाऱ्यानं चष्मा काढून पुसला. गल्लीतल्या बायकांनी वन्संना मधे घेतलं, कुणीतरी गुलाल लावला, आणि पैठणीवर गुलाल पडला तरी वन्सं काही बोलल्या नाहीत. शेवटची एसटी गेली, पण त्यांनी तिचं नाव काढलं नाही. मी काढलेल्या पावलांच्या कडेकडेनं त्या घरात आल्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, हातपाय धुऊन घे, भाकरी गार होतेय. पाठमोऱ्या झाल्या आणि नैवेद्याच्या भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. त्या रात्री ती भाजी सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गौरीचं जेवण. पुरणपोळ्या मी सकाळपासून करत होते. वन्संनी नीलेशकडून गेम मागून घेतला होता आणि पाटावर बसून आपला पक्षी न्याहाळत होत्या. त्याची माहिती त्यांनी मोठ्यानं वाचली. राग साठवतो, बाहेर बसला की जोर वाढतो. मी उलथणं हातात धरून तव्याकडे बघत राहिले. सासूबाईंनी गौरीकडे बघितलं.

"असू दे," वन्सं म्हणाल्या. "खोटं काय आहे त्यात." आणि पुढची बटणं दाबायला लागल्या.

पानं वाढली. सगळे बसले, आण्णा, काकी, हे, नीलेश. मी गरम पोळ्या वाढायला तव्याशी उभी. वन्संनी पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच ताटात ठेवून पाटावरून उठल्या.

"मी जेवणार नाही."

सासूबाई तुपाची वाटी घेऊन तशाच वळल्या. "आता गं काय राहिलं तुझं?"

"माझं नाही राहिलं. हिचं राहिलंय." वन्संनी गेम सगळ्यांसमोर धरला. पडद्यावर माझी आगीची कोंबडी होती, एकटीच, अडगळीच्या खोलीत. "ही 'नवी' म्हणजे तीच ना? सगळ्यांत जोरदार आहे ही. मला घ्यायला हिला काढली, आणि तुम्ही एवढी माणसं, कुणाचं मन चुकचुकलं नाही? स्वतःच्या हातानं सगळं घर मांडलं तिनं आणि स्वतःच त्यात नाही. मान नाही मिळाला की काय होतं ते मला विचारा. हिचं पान पहिलं मांडल्याशिवाय मी बसणार नाही."

कोण कुठं बसलं, कुणाला आधी वाढलं, कुणाचं राहिलं, हे वन्संच्या डोळ्यांना जन्मभर दिसत आलं होतं. ते डोळे माझ्याकडे वळतील असं मला कधी वाटलं नव्हतं. तव्यावरची पोळी करपायला लागली आणि मला ती उलटता येईना, कारण समोरचं काही दिसतच नव्हतं.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं.

"नीलेश, ते नवी पुसून टाक त्यातलं. हिचं नाव घाल." मग त्यांनी पंगतीतला पहिला पाट हातानं पुसला. "केतकी, बस."

त्या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं. मी बसले. सासूबाईंनी माझ्या पोळीवर तूप सोडलं, ते वाटी रिकामी होईपर्यंत सोडतच राहिल्या. वन्सं माझ्या शेजारी बसल्या आणि जेवायला लागल्या. पंगत एकेक पाट खाली सरकली.

सरकता सरकता काकी दाराशी पोचल्या. त्यांनी एकदा पुढच्या पाटाकडे बघितलं, एकदा आपल्या पानाकडे, पदर डोळ्यांना लावला आणि, मला भूक नाही, म्हणून उठून शेजारच्या घरी निघून गेल्या. आण्णांनी वर्तमानपत्र शोधलं. हे म्हणाले, बघून येऊ का.

वन्संनी पोळीचा घास तुपात बुडवला आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"जाऊ दे. काकीला राखून ठेव. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."